साचा चालेल, टाळाटाळ नाही चालणार

रहस्यकथा वाचताना मला एक सवय आहे. खुनी कोण हे ज्या पानावर कळतं त्या पानाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलने एक बारीक ठिपका देते, कळतं म्हणजे लेखक सांगतो तेव्हा नाही, माझं मला कळतं तेव्हा. पुस्तक संपलं की मागे जाऊन बघायचं, अंदाज बरोबर होता का आणि ठिपका किती आधी पडला. लायब्ररीचं पुस्तक असेल तर परत देताना खोडून टाकते. गेली बारा-तेरा वर्षं मी एकाच डिटेक्टिव्हची एक लांबलचक सिरीज वाचतेय, नाव देत नाही कारण मला जे बोलायचंय ते एका लेखकापुरतं नाहीये. तिच्या पहिल्या पुस्तकात माझा ठिपका शेवटून अकराव्या पानावर होता आणि तोसुद्धा चुकलेला होता. परवा चौदावं संपवलं. चारशे दहा पानांचं पुस्तक, ठिपका पान ६२ वर, आणि बरोबर.

उरलेली साडेतीनशे पानं मी वाचली, सगळी वाचली, कारण या माणसाची मला सवय झालीय, आणि वाचताना वाईट वाटत राहिलं.

मग ही सिरीज वाचणाऱ्या चार-पाच जणांशी बोलले तर दोनच प्रकारची मतं ऐकायला मिळाली. एक म्हणजे "तेच ते आहे, साचा झालाय नुसता, पहिल्या पुस्तकाची झेरॉक्स." आणि दुसरं, जे मला जास्त खटकतं, "अगं साचाच आहे, म्हणून तर वाचतो आपण, नाही आवडत तर नको वाचूस." तिसरा एक प्रकार असतो तो न वाचता बोलणाऱ्यांचा, असली पुस्तकं वाचताच कशाला, हे काय साहित्य आहे का वगैरे, त्यांच्याबद्दल मी फार बोलणार नाही, ज्याने पुस्तक उघडलं नाही त्याच्याशी वाद घालून हाती काही लागत नाही.

मला पहिली दोन्ही मतं चुकीची वाटतात आणि दोन्हीत चूक एकच आहे असं वाटतं. दोघंही साचा आणि टाळाटाळ यात फरक करत नाहीत. पहिला टाळाटाळीवर चिडलेला असतो आणि शिव्या साच्याला घालतो. दुसऱ्याचं साच्यावर प्रेम असतं म्हणून तो टाळाटाळ पोटात घालतो.

साचा हा दोष नाही हे आधी बोलून टाकते. ओवीला साडेतीन चरण असतात म्हणून ओवी साचेबद्ध आहे अशी तक्रार कुणी करत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार किंवा काळा पहाड हातात घेणाऱ्या वाचकाला पहिल्या पानाआधीच माहीत असायचं की नायक शेवटी सुखरूप असणार आहे, तरी लोक एका बैठकीत पुस्तक संपवायचे. जॉर्ज सिमेनॉनचा पॅरिसचा पोलिस डिटेक्टिव्ह मेग्रे घ्या, १९३१ ते १९७२ इतक्या वर्षांत ७५ कादंबऱ्या, प्रत्येकीत तोच पाइप, तेच ऑफिस, तीच घरी वाट बघणारी बायको, आणि तरीही एक मेग्रे दुसऱ्यासारखा वाटत नाही, कारण सिमेनॉनला खून कोणी केला यापेक्षा त्या माणसाच्या आत काय मोडलं होतं यात रस होता, आणि माणसं मोडायचे प्रकार संपत नाहीत. साचा हा लेखक आणि वाचक यांच्यातला करार आहे असं मी मानते. वाचक म्हणतो मी तुला पुढचे दोन दिवस देतो, तू मला एक प्रेत दे, एक कोडं दे, खरं उत्तर दे आणि मधे मला फसव, पण प्रामाणिकपणे फसव.

हे "प्रामाणिकपणे फसव" फार जुनं आहे. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम लिहून काढले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, भुताखेतांची मदत चालणार नाही, योगायोगाने डिटेक्टिव्हला उत्तर सापडता कामा नये, त्याला जो धागा मिळाला तो लगेच वाचकालाही मिळाला पाहिजे, जुळे भाऊ आणायचे असतील तर आधी तयारी करून आणा. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डिटेक्शन क्लब सुरू झाला, त्यात अॅगाथा ख्रिस्ती होत्या, डोरोथी सेयर्स होत्या, पहिले अध्यक्ष चेस्टरटन, आणि सभासद होताना शपथ घ्यावी लागायची की महत्त्वाचा पुरावा वाचकापासून लपवणार नाही. काही लोक याला पोरखेळ म्हणतात. मला तो पोरखेळ वाटत नाही, वाचकाला बरोबरीचा खेळाडू मानायची ती पद्धत होती. त्याच्या आधी १९२६ मध्ये ख्रिस्तींच्याच एका कादंबरीवरून वाद झाला होता की शेवट ही फसवणूक आहे की अस्सल खेळ, (शेवट सांगत नाही, कुणी अजून वाचली नसेल तर तिचा आनंद मी का घालवू) आणि तो वाद वाचक आजही करतात, कारण पुस्तक परत पहिल्यापासून वाचलं तर कळतं की बाईंनी सगळं समोर ठेवलं होतं, आपणच पाहिलं नव्हतं. साचा पाळून साच्यालाच धक्का देणं असं असतं.

आता चौदाव्या पुस्तकाकडे येते. पान ६२ ला मला कसं कळलं? मी काही फार हुशार वगैरे नाही, साधी वजाबाकी आहे. सिरीजमध्ये काही माणसं कायमची असतात, डिटेक्टिव्ह, त्याचा साहेब, त्याची घटस्फोट घेतलेली बायको, मुलगी, पोस्टमॉर्टेम करणारी डॉक्टर, कॉम्प्युटरवाला मुलगा. ही मंडळी पुढच्या पुस्तकात लागणार असतात, त्यामुळे यातलं कुणी खुनी असायची शक्यता नाहीच्या बरोबर. म्हणजे संशय फक्त नव्या माणसांवर. आणि नवी माणसं किती? या पुस्तकात मोजून तीन. एक उद्धट, त्याच्यावर पहिल्याच चौकशीत संशय येतो म्हणजे तो नक्की नाही. दुसरा घाबरलेला, तो मधेच मरणार हे उघड आहे, मेलाच. आणि तिसरा एक शेजारी, भला माणूस, पोलिसांना चहा विचारतो, बागेत झाडं लावतो, त्याच्या झाडांवर अख्खं दीड पान खर्च केलंय आणि कथेत त्याचं काहीही काम नाही. ज्या पुस्तकात प्रत्येक प्रकरण तीन पानांत संपतं तिथे काम नसलेल्या माणसाला दीड पान मिळत नाही. पान ६२ वर तो म्हणतो की मला रात्री झोप येत नाही, मी खिडकीत बसून असतो. ठिपका.

जुन्या वाचकाला ही वजाबाकी येते हे लेखकाला माहीत नसतं असं नाही. चांगला लेखक ती धरून चालतो. तो सहा नवी माणसं आणतो आणि सहाही जणांना काहीतरी काम देतो. किंवा दोन पुस्तकं आधी आलेल्या, आपण विसरलेल्या माणसाला परत आणतो. किंवा खुनी कोण हे पहिल्या प्रकरणात सांगून टाकतो आणि प्रश्न वेगळाच विचारतो. किंवा, आणि हे धाडसाचं काम आहे, कायमच्या माणसांपैकी एकाला खरंच दोषी ठरवतो आणि पुढची पाच पुस्तकं त्याची किंमत मोजतो. हे सगळं साच्याच्या आत राहून करता येतं. या चौदाव्यात ते केलं नाही, कारण करायला वेळ लागतो, आणि वर्षाला एक पुस्तक ठरलेल्या महिन्यात यायलाच पाहिजे.

अनुवादात तर ही टाळाटाळ आणखी उघडी पडते, आणि ही गोष्ट मराठी वाचकालाच दिसू शकते म्हणून जरा थांबून सांगते. आजकालच्या थ्रिलरमध्ये मधेमधे खुन्याच्या तोंडची छोटी प्रकरणं असतात, तिरप्या अक्षरात छापलेली, मी तिला पाहिलं, मी वाट बघत होतो, अशी. इंग्रजीत ती व्यक्ती बाई आहे की पुरुष हे लपवायला काही कष्टच पडत नाहीत. मराठीत "मी गेलो" म्हटलं की पुरुष, "मी गेले" म्हटलं की बाई, सुटका नाही. मग अनुवादक काय करतो तर खुन्याला कुठे जाऊच देत नाही. "मी दार उघडलं", "मी पाऊल टाकलं", "मी चाकू उचलला", ही क्रियापदं चालतात कारण ती कर्माप्रमाणे बदलतात. "मी थांबलो" चालत नाही, "मी हसलो" चालत नाही, "मी घाबरलो" चालत नाही. त्यामुळे मराठीतला खुनी सारखा काहीतरी उचलत, उघडत, ठेवत असतो आणि कधी बसत नाही, उठत नाही, येत नाही, जात नाही. एकदा हे लक्षात आलं की प्रकरण वाचतानाच कळतं, इथे काहीतरी झाकलंय. आणि झाकलंय म्हणजे बहुतेक वेळा बाई असते, कारण पुरुषच असता तर एवढी कसरत करायची गरज नव्हती, सगळ्यांनी तो पुरुषच धरलेला असतो. मी अशी दोन पुस्तकं निव्वळ व्याकरणावरून ओळखलीत. यात अनुवादकाचा दोष नाही, उलट मला त्याचं कौतुकच वाटतं, एवढी पानं "गेलो-गेले" न वापरता लिहून बघा म्हणजे कळेल. दोष त्या युक्तीचा आहे. कोडं फक्त सर्वनामावर उभं असेल तर ते भाषा बदलली की कोसळतं, आणि माणसांवर उभं असेल तर कोणत्याही भाषेत टिकतं.

पण खरं सांगायचं तर पान ६२ मी माफ केलं असतं. कोडं एखाद्या वेळी फसतं, होतं असं. माझा राग आहे तो दुसऱ्या गोष्टीवर.

या सिरीजच्या बाराव्या पुस्तकात डिटेक्टिव्हचा जोडीदार मेला. पहिल्या पुस्तकापासून असलेला माणूस, गाडी तो चालवायचा, याला घरी सोडायचा, याचं दारूचं खोटं साहेबासमोर निभावून न्यायचा. बारा पुस्तकं आपण त्याच्याबरोबर गाडीत बसलोय. तो मेला तेव्हा मी पुस्तक उलटं ठेवून उठले होते, थोड्या वेळाने परत आले. तेरावं पुस्तक त्याच्या दुःखात गेलं, ते ठीक होतं, चांगलंही होतं. आणि चौदाव्यात? एक ओळ. "त्याला आपल्या जुन्या सहकाऱ्याची आठवण झाली." नाव पण नाही. गाडीत आता एक तरुण मुलगी आहे, ती तेच विनोद करते जे तो करायचा, तीच चिडचिड सहन करते, जणू ती जागा रिकामी झालीच नव्हती. म्हणजे बारा पुस्तकं वाचून मी जे जमवलं होतं ते लेखकानेच फेकून दिलं. आणि हे कुणाला दिसणार? नव्या वाचकाला नाही दिसणार, त्याच्यासाठी तो कुणी नव्हताच. बाहेरून वर्तमानपत्रात परीक्षण लिहिणाऱ्यालाही नाही दिसणार, तो चौदावं एकटंच वाचतो. हे फक्त आमच्यासारख्यांना दिसतं जे पहिल्यापासून आहेत, म्हणून "नाही आवडत तर नको वाचूस" हे मला पटत नाही. ज्याच्याकडे तक्रारीचा पुरावा आहे त्यालाच तुम्ही गप्प बसवता.

माणसाला माणूस लक्षात राहतो हो. शेरलॉक होम्सचा मित्र वॉटसन, त्याच्या जखमेचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. १८८७ च्या पहिल्या होम्स कादंबरीत वॉटसनला अफगाण युद्धात गोळी लागली ती खांद्याला, आणि १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत त्याच जखमेने त्याचा पाय दुखतोय. १८९१ च्या एका कथेत तर त्याची बायको त्याला जेम्स म्हणते, माणसाचं नाव जॉन. होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांना या बारीकसारीक गोष्टींची फिकीर नव्हती, वाचकांना होती, शंभराहून जास्त वर्षं लोक त्या एका गोळीवर लेख लिहितायत. याला वेडेपणा म्हणायचा असेल तर म्हणा, मला हे प्रेमच वाटतं. कागदावरच्या माणसाला खरं मानून त्याचा खांदा का पाय हे लक्षात ठेवणारा वाचक कुठल्याही लेखकाला मिळावा.

आणि डॉयल कंटाळले होते हेही खरंच. १८९३ मध्ये त्यांनी होम्सला मारून टाकलं, त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. १९०१ मध्ये एक कादंबरी आणली पण ती होम्सच्या मृत्यूच्या आधी घडलेली दाखवली, आणि शेवटी १९०३ मध्ये त्याला जिवंत परत आणलंच. चार कादंबऱ्या आणि ५६ कथा अशी ती बेरीज झाली. ख्रिस्तींचंही तसंच, त्यांचा डिटेक्टिव्ह पॉयरो १९२० साली पहिल्यांदा आला तेव्हाच तो निवृत्त पोलिस होता, त्याला मग पन्नासेक वर्षं पळवत ठेवावं लागलं. त्यांनी आपल्याच कादंबऱ्यांत एक लेखिका पात्र म्हणून घातली होती जी स्वतःच्या फिनिश डिटेक्टिव्हला वैतागलेली आहे, आणि फिनलंडबद्दल काहीच माहिती नसताना त्याला फिनिश का केला म्हणून पस्तावतेय. पण बघा, ख्रिस्तींनी पॉयरोचं शेवटचं पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून बाजूला ठेवलं होतं, ते १९७५ मध्ये आलं आणि पॉयरो गेल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापली. त्या पात्राला वैतागल्या होत्या तरी त्याचा शेवट काळजीने, वेळ घेऊन केला. कंटाळा येणं हा गुन्हा नाही. कंटाळा आलाय आणि तो वाचकाच्या अंगावर टाकायचा हा गुन्हा आहे.

यातून वाट काढलेले लेखक आहेत. इयन रॅन्किनने त्याच्या रीबस या डिटेक्टिव्हला खऱ्या वर्षांप्रमाणे म्हातारा होऊ दिलं, १९८७ ला सुरू झालेला माणूस २००७ मध्ये साठीला आला म्हणून नोकरीतून निवृत्त झाला, नंतर परत आला तो म्हातारा म्हणूनच आला, गुडघे दुखतायत, जिने चढवत नाहीत, आणि तोच पुढच्या पुस्तकांचा विषय झाला. स्यू ग्राफ्टनने उलटं केलं. अक्षरमालेप्रमाणे पुस्तकं, १९८२ ला ए पासून सुरुवात, आणि काळ मुद्दाम ऐंशीच्या दशकातच धरून ठेवला, नायिका हळूहळू मोठी होते, मोबाइल येत नाही, टाइपरायटर चालू. २०१७ मध्ये वाय आलं, पंचवीसावं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ग्राफ्टन गेल्या. घरच्यांनी सांगितलं की झेड दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार नाही, अक्षरमाला वायला संपली. मला ती न आलेली झेड आवडते. पस्तीस वर्षं वाचणाऱ्यांना एक अक्षर कमी मिळालं पण जे मिळालं ते सगळं तिचं होतं. लेखकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि खरं लिहिणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात अशी पुस्तकं आता भरपूर येतात, ती वाईटच असतात असं मी म्हणत नाही, लिहिणारा कोण हे मुखपृष्ठावर स्पष्ट असेल तर निदान फसवणूक तरी नाही. ली चाइल्डने २०२० पासून भावाला बरोबर घेऊन आपली रीचर ही सिरीज पुढे न्यायला सुरुवात केली ती सगळ्यांना सांगून केली. सांगून केलेला बदल वाचक समजून घेतो.

साच्यातली एक गोष्ट मात्र आहे जी मला साचा म्हणूनसुद्धा नको झालीय. पहिल्या प्रकरणात एका तरुण मुलीचं प्रेत. तिचे केस कसे पसरलेत, ओठ कसे निळे पडलेत, अंगावर काय होतं आणि काय नव्हतं. आणि दुसऱ्या प्रकरणापासून ती मुलगी गायब, उरलेल्या चारशे पानांत ती फक्त एक केस. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये एक पुरस्कार सुरू झाला होता, ज्यात बाईला मारहाण, पाठलाग, बलात्कार, खून यातलं काहीच नाही अशाच थ्रिलरला बक्षीस, आणि त्यावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बायकांनीच आक्षेप घेतला की जे जगात घडतं ते आम्ही लिहायचंच नाही का. मला दोन्ही बाजू कळतात. मी त्या आक्षेपाच्या बाजूची आहे, लिहा, जे घडतं ते लिहा. पण मग त्या मुलीला एक सकाळ तरी द्या ना. ती काय खायची, कुणाशी भांडायची, तिची कोणती चप्पल तुटली होती, हे येऊ दे. आमच्या सिरीजच्या तिसऱ्या पुस्तकात हे होतं, मेलेल्या मुलीची एक वही होती आणि त्यात तिने कुणाला किती पैसे परत द्यायचेत याची यादी होती, नावं आणि आकडे, काही खोडलेले, शेवटची तीन न खोडलेली. डिटेक्टिव्ह शेवटी ते तीन हिशोब स्वतः चुकते करतो. खुनी कोण होता ते मी विसरले, ती यादी नाही विसरले. म्हणजे याच लेखकाला हे जमतं. याला येत नाही असं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं.

वाचकांचंही चुकतं, तेही बोलायला हवं. आमच्यातले काही जण प्रत्येक पुस्तकाला भरभरून चांगलंच म्हणतात, वाचायच्या आधीपासून, कारण आपला माणूस आहे. काही जण एका वाईट पुस्तकावरून सगळी सिरीज कचरा म्हणून मोकळे होतात. दोन्हीतून लेखकाला काहीच कळत नाही, आणि नव्या वाचकालाही नाही. माझ्या एका मैत्रिणीने या सिरीजचं पहिल्यांदा वाचलं ते हेच चौदावं, तिला अतिशय आवडलं, दोन रात्री जागून वाचलं, शेजाऱ्याचा तिला शेवटपर्यंत संशय आला नाही. मी आधी म्हटलं तुला कळत नाही, मग विचार केल्यावर लक्षात आलं की तिचं मत माझ्याइतकंच खरं आहे. तिला कायमची माणसं कोण ते माहीत नव्हतं, तिच्यासाठी ती डॉक्टरसुद्धा खुनी असू शकत होती, वजाबाकी करायला तिच्याकडे आकडेच नव्हते. म्हणजे जे पुस्तक मला पान ६२ ला संपलं ते तिला चारशे पानं पुरलं. तेव्हापासून मी मत देताना आधी सांगते की मी पहिल्यापासून वाचतेय, मला काय खटकलं आणि कुठल्या पानावर, नव्याने वाचणाऱ्याला ते कदाचित खटकणार नाही. आणि शेवट सांगत नाही. राग आला म्हणून खुन्याचं नाव सांगून टाकणारे लोक असतात, त्याने लेखकाचं काही वाकडं होत नाही, नुकसान होतं ते पुढच्या वाचणाऱ्याचं.

आणि लेखकाला कळवायला काय हरकत आहे. मी कळवलंय. प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं, साधंच, की शेजाऱ्याची झाडं फार लांबली आणि जोडीदाराचं नाव का नाही घेतलं, पुढचं पुस्तक दोन वर्षांनी आलं तरी आम्ही थांबू. खरंच थांबू. चौदा पुस्तकं वाचलेला माणूस एका वर्षाने कुठे पळून जात नाही, ही भीती लेखकाला किंवा छापणाऱ्याला का वाटते मला समजत नाही.

चौदावं मी लायब्ररीतूनच आणलं होतं. ती एक ओळ आहे ना, जुन्या सहकाऱ्याची, ती ३०४ पानावर आहे. तिथे समासात माझ्या आधी कुणीतरी पेन्सिलने त्या जोडीदाराचं पूर्ण नाव लिहून ठेवलंय. बाकी काही नाही, उद्गारचिन्ह नाही, शेरा नाही, फक्त नाव, नीट अक्षरात, आडनावासकट. कोण असेल माहीत नाही. परत द्यायच्या आदल्या रात्री मी नेहमीप्रमाणे रबर घेऊन बसले, ६२ वरचा माझा ठिपका खोडला, मग ३०४ पान उघडलं. अक्षर थोडं पुसट झालं होतं, त्यावरून पेन्सिल परत फिरवली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं.